नळीत शिरली म्हणून गोळी बसली असे होत नाही

गोव्यातल्या पेडण्यात किंवा डिचोलीत बंदुकीचा विषय निघाला की एक मत ठामपणे मांडले जाते: नेम हाताचा असतो, गोळीचे काय, नळीत गेली म्हणजे झाले. त्याला जोडून असेही सांगतात की शिसे ओतून केलेली गोळी केसभर लहान असलेली बरी; ठासायला सोपी जाते आणि नळीवर ताण येत नाही. आजोबांनी असेच केले, बापानेही तेच केले, आणि रानडुक्कर पडायचे ते पडलेच. हे मत फक्त काजूच्या बागायतीत ऐकू येते असे नाही. हौसेने रायफल बाळगणारी, बंदुकांवरची पुस्तके वाचणारी मंडळीही हेच बोलतात. मला हे मत चूक वाटते. त्याचे परिणाम बागायतदाराला, जनावराला आणि शेजारच्या बागेत बोंडू वेचणाऱ्या बाईला भोगावे लागू शकतात, म्हणून ते चूक आहे एवढे म्हणून गप्प बसणेही मला पटत नाही.

आधी नळीच्या आत काय घडते ते पाहू. एकबारी रायफल एका वेळी एकच गोळी सोडते, आणि नळीत कोरलेल्या पिळाच्या खाचा त्या गोळीला फिरकी देतात. फिरकीमुळे गोळी हवेत सरळ राहते. ही फिरकी मिळायची तर खाचांच्या तळापर्यंत शिसे भरले पाहिजे. गोळी खाचांच्या व्यासापेक्षा दोन-तीन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारावे भाग, लहान असली आणि बारानंतर फुगली नाही, तर सैल बुचाच्या बाटलीसारखे होते. दारूचा तापलेला वायू गोळीच्या कडेने पुढे निसटतो. जाताना तो शिसे खरवडतो, वितळवतो आणि नळीच्या भिंतीला थापतो. पुढची गोळी त्या थरावरून घसरत जाते. शिवाय सैल गोळी नळीत किंचित कलती होते, तिच्या बुडाची कड एका बाजूने झिजते, आणि तोंडातून बाहेर पडताना वायूचा धक्का तिला एकाच बाजूने बसतो. गोळीच्या बुडावरची लहानशी खोट गोळी कुठल्या कुठे नेते, हे अमेरिकेतल्या फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले आणि १९०९ साली पुस्तकरूपाने मांडले. पन्नास-शंभर पावलांवरच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसले, तर गोळी आडवी होत गेली असे समजावे. हे सगळे चाप ओढल्यानंतर घडते. हात कितीही स्थिर असला, माशी कितीही नेमकी धरली, तरी नळीच्या आत झालेली चूक हाताला सुधारता येत नाही. "नेम हाताचा" या म्हणण्याचा पायाच इथे ढासळतो.

आता परंपरेचा दाखला. पूर्वज मापे घेत बसत नव्हते, असे जे सांगितले जाते ते इतिहासाला धरून नाही. गोव्याला बंदुका घडवणाऱ्यांची फार जुनी परंपरा आहे. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला कळवले होते की इथले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात, आणि नळीच्या बुडाला आट्यांचे बूच बसवतात. लोखंडी बुचाला आटे पाडून ते नळीत बसवणारा माणूस मापाविषयी बेफिकीर होता, असे कोण म्हणेल? त्या काळी गोळीचे एक ठरलेले माप नव्हते, म्हणून बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा दिला जाई. जपानात १५४३ नंतर तोड्याच्या बंदुका बनू लागल्या, तिथेही हीच रीत होती. बंदूक मुलाकडे गेली की साचाही त्याच्याकडे जाई. आपल्याकडे पुढच्या पिढ्यांत साचे हरवले, मोडीत गेले, आणि बंदुका तेवढ्या उरल्या. मग मिळेल त्या साच्यातली गोळी मिळेल त्या नळीत जाऊ लागली. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो, ती या हरवलेल्या साच्यानंतरची तडजोड आहे.

आजोबांच्या नेमाच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट निसटते. त्यातले बरेचसे बार वीस-पंचवीस पावलांवरचे असत, आणि बंदुकीत एक गोळी नसून मूठभर छर्रे असत. छर्ऱ्याच्या बाराला नळी आणि गोळीचे माप जुळण्याचा प्रश्नच येत नाही. जे रानडुक्कर पडले त्याची गोष्ट घरात सांगितली गेली. जे पोटात गोळी घेऊन रानात गेले आणि आठ दिवसांनी मेले, त्याची गोष्ट सांगायला कोणी उरले नाही. पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडांचा दाखलाही कोणी देतात. दीपाजी राणे १८५२ साली उठले, कुष्टोबा १८६९ नंतर, दादा राणे १८९५ मध्ये. या बंडांची ताकद सत्तरीच्या रानात, वाटांच्या माहितीत आणि गावांनी दिलेल्या आसऱ्यात होती. त्यांच्या शौर्याचा मी मनापासून आदर करतो, पण सैल गोळी चालते याचा पुरावा म्हणून ते शौर्य वापरता येणार नाही.

या मताचा सर्वात बळकट दाखला मात्र वेगळा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८५७ च्या एन्फील्डच्या काडतुसांवरची चरबी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या काडतुसातल्या गोळीच्या मापाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १८५३ सालच्या त्या रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि गोळी ०.५६८ इंचाची. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ओंगण टिकेना, नळीत दारूची काजळी साचली की गोळी गजाने ठोकूनही खाली जाईना. लढाईच्या ऐन धामधुमीत हा अनुभव आल्यावर ब्रिटिशांनी गोळीचा व्यास ०.५५० इंचापर्यंत खाली आणला. म्हणजे नळीपेक्षा तब्बल २७ थाऊ लहान! आणि तरीही रायफल अचूक राहिली. मग सैल गोळी चालते हे सिद्ध झालेच की, असे प्रतिपक्ष म्हणेल.

सिद्ध झाले ते नेमके उलट. ती गोळी भरीव नव्हती. तिच्या बुडात पोकळी होती आणि त्या पोकळीत लाकडाची गुल्ली बसवलेली होती. बार झाला की गुल्ली आत रेटली जाई, मऊ शिशाचा घेर फुगे आणि खाचांत भरे. शिवाय गोळीभोवती ओंगण लावलेल्या कागदाचे वेढे होते, ते ठासतानाची फट भरून काढत. थोडक्यात, ठासताना सैल आणि सुटताना घट्ट अशी ती रचना होती. माप जुळवण्याचा क्षण त्यांनी पुढे ढकलला. माप जुळवणे सोडले नाही. गंमत म्हणजे, ही कल्पना ज्या कॅप्टन जॉन नॉर्टनच्या नावावर सांगितली जाते, त्याला ती दक्षिण हिंदुस्थानात सुचली असे म्हणतात. फुंकनळीतून बाण मारणारे लोक बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा भेंडासारखा गाभा लावत, आणि फुंकर बसली की तो फुगून नळी भरून टाकी. वारा निसटला तर बाण जात नाही, हे त्या लोकांना कोणत्याही पुस्तकाविना कळत होते.

आता आपल्या बागायतदाराच्या हातातली गोळी पाहा. ती भरीव असते. तिला पोकळी नाही, गुल्ली नाही, कागद नाही. बरेचदा ती जुन्या चाकांच्या वजनांच्या किंवा छापखान्याच्या टाइपाच्या शिशाची, म्हणजे कडक असते. अशी गोळी कमी दाबाच्या बाराने फुगत नाही. एन्फील्डच्या गोळीचा सैलपणा घ्यायचा आणि तिला फुगवणारी सगळी योजना सोडून द्यायची, याला आधार कसला?

कडकपणाबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे: शिसे जितके कडक तितकी गोळी चांगली. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा सुमारे ५, वीस भाग शिशाला एक भाग कथील घातले तर सुमारे १०, आणि टाइपाच्या मिश्रधातूचा २० च्या पुढे. काळ्या दारूच्या मध्यम दाबाला मऊ मिश्रणच मानवते, कारण ते दाबाखाली थोडे दबून खाच भरते. मार्टिनी-हेन्री ही १८७१ सालची ब्रिटिशांची एकबारी रायफल. तिच्या ४८० ग्रेनच्या गोळीत बारा भाग शिसे आणि एक भाग कथील असे, आणि वर कागदाचे वेष्टन. तेव्हाच्या कारखान्यांना कडक धातू माहीत नव्हता म्हणून त्यांनी मऊ घेतला, असे नव्हे. आणखी एक बारकावा: साचा एकच असला तरी गोळी एकच निघत नाही. निवताना शुद्ध शिसे जास्त आकसते, अँटिमनी असलेले कमी. म्हणून कडक मिश्रणाची गोळी त्याच साच्यातून थोडी मोठी निघते. साच्यावर कोरलेला आकडा वाचून "माझी गोळी इतकी" असे म्हणणाऱ्याने ती गोळी मोजलेली नसते.

तीच गत नळीची. परवान्यावर "१२ बोर" लिहिलेले असते, पण ते नाव आहे. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास येतो, तो १२ बोर, हिशेबाने ०.७२९ इंच. प्रत्यक्षात कारखान्यागणिक नळी वेगळी, आणि आपल्या हवेत तर वर्षागणिक वेगळी. काळ्या दारूची काजळी ओल खेचते. मृगापासून दिवाळीपर्यंत कोंदट घरात टांगलेली, नीट न पुसलेली नळी आतून खडबडीत होते. मग कोणीतरी ती घासून साफ करून देतो, आणि व्यास वाढतो. दोन भावांनी एकाच दिवशी घेतलेल्या दोन बंदुकांना पंचवीस वर्षांनी एकच गोळी बसेल, याची खात्री मी देणार नाही.

म्हणून मोजणे. ते अवघड नाही, पण ते परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, नळी स्वच्छ करून, तेलाचा हात फिरवून, नळीपेक्षा किंचित मोठी शुद्ध शिशाची गोळी लाकडी किंवा पितळी गजाने हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतात. ती बाहेर आली की तिच्यावर खाचांचा ठसा असतो, आणि सर्वांत उंच भागावरचा व्यास मायक्रोमीटरने घेतात. गोळी सरकवताना हाताला कुठे घट्ट आणि कुठे ढिली जागा लागते, हेही कळते. व्हर्नियरवर भागवू नये. एका थाऊचा फरक इथे महत्त्वाचा आहे. खाचा विषम असतील तर साध्या मायक्रोमीटरने फसगत होते, कारण खाचेसमोर खाच येत नाही. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत सात खाचा आहेत, तिला तीन टेकूंचे मायक्रोमीटर लागते. मापलेल्या व्यासापेक्षा ओतीव गोळी एक ते दोन थाऊ मोठी घ्यावी. ०.४५८ इंच खाचेच्या नळीला ०.४५९ किंवा ०.४६० ची गोळी, असे. नळीचे मागचे टोक काडतुसाच्या घराला मिळते तो घसा झिजून रुंद झाला असेल, तर गोळी त्या घशाच्या मापाची हवी. गोल गोळी तोंडाने भरायच्या बंदुकीची रीत वेगळी: तिथे गोळी नळीपेक्षा थोडी लहान घेतात आणि ओंगण लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून घट्ट बसवतात. इथेही फट कापडाने भरलेली असते, रिकामी ठेवलेली नसते. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ साली शिकारी रायफलीवर लिहिलेल्या ग्रंथात गोल गोळीसाठी फार मंद पीळ सुचवला, १४ बोरला १०४ इंचांत एक वेढा. गोळीने खाचांची पकड सोडून घसरू नये, हे त्या मंद पिळामागचे कारण.

"मोठी गोळी म्हणजे नळी फुटण्याची भीती", हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे आणि त्याला अर्धे उत्तर पुरणार नाही. गोळी इतकी मोठी की काडतुसाची मान घरात दाबून बसते आणि बाराच्या वेळी उमलायला जागाच राहत नाही, तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचे तोंड आवळलेले असेल, तर त्यातून भरीव मोठी गोळी कधीच सोडू नये. पण हे सगळे "मोजून निवडा" याच्या बाजूचे मुद्दे आहेत. न मोजता लहान घ्या, असे ते सांगत नाहीत.

मग म्हणतात, आम्हाला कुठे पदके मिळवायची आहेत? कुळागरात तीस पावलांवर एवढे बारीक माप कशाला? पदकवाल्यांकडे आधी पाहू. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातलाच स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकून आला. ही एकबारी रायफलीचीच स्पर्धा. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे. या पातळीवरचे नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून तपासून घेतात. हवेच्या रायफलीचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा डब्यांतून निवडतात. ज्यांचे हात देशात सर्वांत स्थिर आहेत, ते गोळीच्या मापाला सर्वांत जास्त जपतात. हात चांगला असला की गोळीचे महत्त्व कमी होते, हे म्हणणे त्यांच्यासमोर टिकत नाही.

आणि तीस पावलांचे म्हणाल तर चुकलेली गोळी तीस पावलांवर थांबत नाही. ०.२२ इंचाची बारकी गोळीसुद्धा सव्वा-दीड किलोमीटर जाऊ शकते. इब्रामपूर, हणखणे, लाटंबार्से, साळ या पट्ट्यात बागायती एकमेकींना लागून आहेत आणि मार्च ते मे या काळात पहाटेपासून माणसे काजूखाली वाकलेली असतात. जनावराचेही तसेच. छातीत लागायची गोळी वीतभर मागे लागली, तर रानडुक्कर मरत नाही; ते चवताळून झाडीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वाटेत उभे राहते. ज्याला मारायचे त्याला एका गोळीत मारता आले पाहिजे. हे मी दयेपोटी म्हणतो आणि माणसांच्या सुरक्षिततेपोटीही.

कायद्याचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यावर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान होत असले तरी कलम ११ प्रमाणे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश असल्याशिवाय ते मारता येत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत. पिकाच्या कारणावरून त्याला मारण्याची परवानगीच नाही. काडतुसे बनवायलाही शस्त्र कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो, म्हणून घरच्या चुलीवर शिसे वितळवण्याचा सल्ला या लेखातून कोणी घेऊ नये. निवड करायची ती परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंदलेल्या बंदुकीसाठी. ज्या बागायतदारांना आदेश नाही आणि फक्त जनावर हुसकावायचे आहे, त्यांच्यासाठी उत्तर आणखी सोपे आहे: आवाजाने काम होते, तर गोळी घालूच नये. "घाबरवायला" म्हणून सैल गोळीचा बार काढणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्यात आवाज तेवढाच होतो, आणि गोळी कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नसते.

बागायतदारांची तक्रार मला मान्य आहे, ती पोकळ नाही. २०१६ साली माकड, रानडुक्कर, गवा आणि मोर यांना उपद्रवी ठरवण्याची चर्चा गोवा सरकारात झाली. त्यातून बागायतदाराच्या हाती काही आले नाही. निवडणुका येतात तेव्हा बंदुका जमा कराव्या लागतात. २०२४ मध्ये १६ मार्चला आचारसंहिता लागली, ७ मेला गोव्यात मतदान झाले आणि ४ जूनला निकाल. ज्यांच्या बंदुका या काळात जमा होत्या, त्यांचा अख्खा काजूचा हंगाम त्यात गेला आणि बंदूक हाती आली तेव्हा पाऊस दारात होता. सरसकट जमा न करता कोणाची बंदूक खरोखर जमा करावी याची छाननी समितीने करावी, असे निवडणूक आयोगाच्याच सूचना सांगतात. त्या पाळल्या जाव्यात, अशी मागणी करणाऱ्यांबरोबर मी उभा आहे. पण ही मागणी करणाऱ्याने आपली बंदूक आपण जबाबदारीने वापरतो हेही दाखवले पाहिजे, आणि ज्याला आपल्या नळीचे माप सांगता येत नाही त्याला ते दाखवता येणार नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्रपरवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्या वेळी बंदुकीचा क्रमांक पडताळला जातो, तसे नळीचे मापही परवानाधारक कारागिराकडून घेतले जावे आणि थाऊच्या हिशेबात कागदावर लिहून बागायतदाराच्या हाती दिले जावे. विक्रेत्यांनी गोळ्यांच्या डब्यावर बोरच्या नावाशेजारी मोजलेला व्यास आणि मिश्रधातू लिहावा. शेतकरी संघटनांनी पेडणे आणि डिचोलीत, पोलिसांच्या परवानगीने, पावसाआधी एक दिवस नळ्या तपासायला ठेवावा. एक चांगला मायक्रोमीटर, मऊ शिशाच्या थोड्या गोळ्या, पितळी गज आणि काम जाणणारा एक कारागीर, एवढ्यावर एका सकाळी अनेक बंदुकांची मापे होतील, आणि त्यांपैकी ज्या नळ्या आता गोळीच्या राहिल्या नाहीत, त्याही त्याच सकाळी कळतील.